एका अंगठ्याची जागा

गेल्या वर्षीच्या शर्यतीत तुरतुरीचा बूट तिच्याआधी पोहोचला होता.

शिट्टी वाजली, तुरतुरीने झेप घेतली आणि उजवा बूट पायातून जो सुटला तो सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि पाहुण्यांच्या टेबलावर मांडलेल्या बक्षिसाच्या कपात जाऊन बसला. कोणी नेम धरून फेकला असता तरी इतका छान बसला नसता. मुख्याध्यापिकाबाईंनी तो दोन बोटांनी वर उचलला, तेव्हा त्यातून आधी कापसाचा बोळा पडला, मग रंगीबेरंगी चिंध्या, मग पुन्हा कापूस. अख्खं मैदान पोट धरधरून हसलं. तेव्हापासून वर्गात एकच धोशा, "कप बुटाला मिळाला, हिला नाही!"

ते बोळे भरले होते बाबांनी. बाबा शिंपी. त्यांच्या हातचा फ्रॉक मुलीबरोबर वाढायचा, कारण शिवणीच्या आत ते जास्तीचं कापड दुमडून ठेवायचे. पोर उंच झाली की टाके उसवायचे, कापड मोकळं करायचं, वरून इस्त्री फिरवायची, की फ्रॉक पुन्हा नवा. जगातल्या यच्चयावत वस्तूंनी असंच वागावं असं त्यांचं मत होतं. बूट मात्र ऐकायला तयार नव्हते.

"उसवून मोठा होत नाही ना? मग मोठाच घ्यायचा आणि आतून लहान करायचा," बाबा म्हणायचे. "जरा पोर वाढली की एक बोळा काढला. हाय काय नि नाय काय!"

गंमत म्हणजे ते बूट तुरतुरीच्या पायाला नीट बसायला लागले तोवर त्यांचे तळ फाटून गेले होते. आणि शर्यत पुन्हा उद्यावर आली होती.

संध्याकाळी आई, बाबा आणि तुरतुरी तिघं बुटांच्या दुकानात शिरली तेव्हा बाबांच्या गळ्यात अजून टेप लोंबत होती. तुरतुरीने मात्र मनाशी पक्कं केलं होतं. यंदा पहिली येवो नाहीतर शेवटची, पण बूट पायातच राहिला पाहिजे.

दुकानदार बाई गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या. त्यांनी पाय मोजायची लाकडी पट्टी काढली.

"पट्टी नको," बाबांनी हात आडवा केला. "माप घरून घेऊन आलोय. त्यात वाढीचं धरलंय."

"किती धरलंय?"

बाबांनी दोन्ही हातांनी जे अंतर दाखवलं त्यात एखादं मांजर मावलं असतं. बाईंनी लहान, मधला आणि मोठा असे तीन जोड आणून समोर ठेवले. "पुढे एक अंगठा जागा राहिली की झालं," एवढंच म्हणाल्या.

झालं कसलं! तिथूनच तर सुरुवात झाली. तुरतुरीने मधला जोड घातला. आईने टोकाशी अंगठा दाबला. "बघा, बरोब्बर एक अंगठा."

बाबांनी दाबला. "छे! अर्धासुद्धा नाही."

"अहो, तो अंगठा आहे का? वर्षानुवर्षं शिवणी दाबून त्याची इस्त्री झालीये!"

"आणि तुझा? सुईत ओवता येईल!"

"मग ओवा. पण मोठा बूट घ्यायचा नाही."

"मोठा घालून तरी बघू दे."

मोठ्या बुटात तुरतुरीचा पाय पाण्यातल्या होडीसारखा मागेपुढे फिरला. बाबांचा चेहरा खुलला. तुरतुरीच्या डोळ्यांपुढे कप आला. आता काही केलं नाही तर उद्या पुन्हा कापूस, पुन्हा चिंध्या, पुन्हा तेच हसू. आणि तेवढ्यात तिच्या सुपीक डोक्यात एक कल्पना चमकली. लहान बुटातच बाबांना जागा दिसली तर?

"मी हा घालते," म्हणून तिने सगळ्यात लहान जोड ओढला, पाय कसाबसा आत कोंबला आणि पाचही बोटं आत गच्च मुडपून घेतली. चेहऱ्यावर असा भाव, की जणू ढगावर उभी आहे.

बाबांनी अंगठा दाबला. तो खाली गेला, चांगला खोल गेला.

"अरेच्चा!"

आईने दाबला. "अगं बाई! काल तर एवढा पाय होता. आक्रसला की काय पोरीचा?"

"यातच इतकी जागा, मग मोठ्यात तर ही राहायलाच गेली असती!" बाबा आनंदाने उडालेच. "बाई, हाच बांधा!"

"बांधते ना," बाई म्हणाल्या. "आधी जरा चालून दाखव गं, राणी."

तुरतुरी चालली. म्हणजे तापल्या तव्यावरून बदक चालावं तशी चालली. कोपरं वर, भुवया त्याहून वर, आणि ओठांवर हसू.

"छान. आता टाचा उचल बघू."

तुरतुरीने टाचा उचलल्या, "आई गं!" म्हणाली आणि धपकन खोक्यांच्या ढिगावर बसली. बाईंनी बूट काढला. आत पाचही बोटं थंडीने कुडकुडणाऱ्या पिल्लांसारखी एकमेकांना बिलगून बसली होती.

"हे गं काय?" आई म्हणाली.

तुरतुरीने नाक ओढलं. "मोठा घेतला की तो उडतो. उडाला की कपात बसतो. मग सगळे हसतात."

 तो कपाचा किस्सा बाबांनी आपल्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला टाचण्या तोंडात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सांगितला होता.

"तुला राग यायचा होय गं?"

"राग नाही. मलाही हसू येतं, पण नंतर. आधी मला पळायचं होतं ना, बाबा."

बाबांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि खिशात ठेवली. "बाई, मधला द्या."

"देते. पण अंगठा कोणाचा ते आधी ठरवा," बाई हसल्या. "पाय हिचा वाढतोय, तर अंगठाही हिचाच धरा. ऊठ गं. सरळ उभी राहा, बोटं मोकळी सोड."

तुरतुरीने स्वतःच वाकून अंगठा टेकवला. अगदी मापात. टाच जागची हलेना. तिने एक उडी मारली, मग दुसरी, मग दुकानभर उड्याच मारत सुटली. बूट पायातच!

बाबांचा हात नकळत दुसऱ्या खिशात गेला. तिथून कापूस डोकावला.

"आणलाच होता का?" आईने विचारलं.

"सवय आपली."

बाईंची नजर बाबांच्या बुटांवर गेली. त्यांनी सहज टोक दाबून पाहिलं. अंगठा मऊ गादीत रुतावा तसा आत गेला. "भाऊ, तुम्ही अजून वाढणार आहात वाटतं?"

आई जी हसायला लागली ती खोक्यांना धरून खालीच बसली. तुरतुरीला तर उचकीच लागली.

"लहानपणापासून असेच घालतोय," बाबा लाजले. "माझं चालतं हो. मला कुठे शर्यत पळायचीय?"

दुसऱ्या दिवशी तुरतुरी रेषेवर उभी राहताच मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलावरचा कप उचलून छातीशी धरला. शिट्टी वाजली. तुरतुरी सुसाट सुटली. एकीला मागे टाकलं, दुसरीला टाकलं. कडेने कोणीतरी उड्या मारत "पळ गं माझी वाघीण!" म्हणून ओरडत होतं, आणि तुरतुरी दोरीला भिडली. दुसरी!

तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी सूं करत गेलं आणि टेबलावर धप्पकन पडलं. कापूस भुरभुर उडाला. मैदान हसायला लागलं.

 तुरतुरीने खाली पाहिलं. उजवा आहे. डावाही आहे.

मग तिने कडेला पाहिलं. आईच्या खांद्याला धरून बाबा एका पायावर उभे होते आणि दुसरा पाय, मोजा फाटलेला, हवेत धरून सगळ्यांत मोठ्याने हसत होते. तुरतुरी धावत टेबलाशी गेली, बूट उचलला आणि आतल्या चिंध्या उडवत बाबांकडे निघाली.

"चला," ती म्हणाली, "दुकान उघडं असेल. आणि अंगठा मी दाबणार!"