अकरावी कंबर

संपाचा नववा दिवस होता. शहरातल्या सगळ्या डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपं लावली होती, कारण सरकार सर्वांसाठी एकच मोफत आरोग्यसेवा आणणारा कायदा करायला निघालं होतं आणि डॉक्टरांच्या संघटनेला तो मान्य नव्हता. तातडीच्या रोग्यांसाठी एकच रुग्णालय उघडं ठेवलं होतं आणि तिथे आळीपाळीने तीन डॉक्टर राबत होते. तिथे कोणाला पाठवायचं हे संघटनेच्या कार्यालयात, तळमजल्यावरच्या फोनपाशी ठरायचं.

त्या फोनवर ताई बसायची. खरं तर ती एका डॉक्टरांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं काउंटर सांभाळत होती. वेळा देणं, फाइली काढणं, रडणाऱ्या पोरांना गप्प करणं, सगळं तीच बघायची. तिचे डॉक्टर संघटनेचे चिटणीस. संप सुरू झाला तेव्हा ते म्हणाले, "ताई, फोनवर तुमच्याइतकं डोकं थंड कोणाचंच नाही. याल का?" ती आली.

घरी यावरून रोज खडाजंगी व्हायची. नणंद शाळेत शिक्षिका होती आणि कायद्याच्या बाजूने दारोदार फिरत होती. "वहिनी, लोक तिकडे विव्हळतायत आणि तू त्यांना फोनवर थांबा म्हणतेस," असं ती ताट वाढताना म्हणायची. ताई आपलं ताट पुढे ओढायची. तिचे डॉक्टर वाईट माणूस नव्हते, एवढं तिला ठाऊक होतं. कायद्याचं तिला खरंच कळत नव्हतं. दोन्हीकडचं ऐकलं की दोन्हीकडचं पटायचं.

फोनशेजारी एक छापील कागद होता. त्यावर दोन रकाने. पहिल्याचं शीर्षक 'ताबडतोब': छातीत कळ, थांबत नसलेलं रक्त, शुद्ध हरपणं, बाळंतपण, अपघात, तान्ह्या मुलाचा चढता ताप. दुसऱ्याचं 'थांबता येईल': सर्दी-खोकला, खाज, कंबरदुखी, आणि असंच खाली बरंच काही. ताई प्रश्न विचारायची, चिठ्ठी लिहायची. दुसऱ्या रकान्यातली चिठ्ठी खिळ्याला टोचली जायची, पहिल्यातली शेजारच्या टेबलावर जायची. तिथे ड्यूटीवरचे डॉक्टर सही करायचे, मगच रुग्णवाहिका निघायची. त्या दिवशी ड्यूटी त्वचारोगाच्या डॉक्टरांची होती. तीन दिवस ते घरी गेले नव्हते आणि शर्टाची कॉलर आत दुमडली गेली आहे याचंही त्यांना भान नव्हतं.

अकराला वीस मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"ताई का? मी घड्याळजी बोलतोय. त्रास देत नाही ना?"

तिने आवाज लगेच ओळखला. बाजारातल्या बोळात घड्याळं दुरुस्त करणारा तो बासष्ट वर्षांचा एकटा माणूस त्यांच्याच दवाखान्याचा रोगी होता. दवाखान्यात आला की भिंतीवरचं घड्याळ किती मागे आहे ते सांगायचा.

"बोला ना. काय होतंय?"

"काही नाही हो. कंबर धरलीय सकाळपासून. डाव्या अंगाला. मांडीत उतरतंय. म्हटलं, विचारून घ्यावं. घाई काहीच नाही."

ताईने कागद पुढे ओढला. "छातीत दुखतंय?"

"नाही."

"रक्त कुठून जातंय का?"

"नाही."

"शुद्ध हरपली होती?"

"शुद्ध हरपली असती तर फोन कोणी केला असता, ताई?" तो हसला आणि हसता हसता मध्येच थांबला. "उठायला गेलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हणून परत खाली बसलो. घाम सुटलाय थोडा. वाकून वाकून कामं करतो, कंबर जायचीच कधीतरी."

तिने 'कंबर' असं लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. तिच्या डोळ्यांपुढे त्याची फाइल आली. पिवळी, कोपरा दुमडलेली. आत दोन वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा कागद. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे, दर सहा महिन्यांनी तपासायची, असं डॉक्टरांनी लाल शाईत लिहिलं होतं. त्यानंतर तो एकदाच आला. पुढच्या दोन्ही वेळा तिने स्वतः फोन केला होता आणि दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "कायदा होतोय ना आता, ताई. झाला की लगेच करून टाकू."

"घड्याळजी, तुम्ही जागचे हलू नका. मी फोन करते परत."

ती चिठ्ठी घेऊन शेजारच्या टेबलापाशी गेली.

"कंबर?" त्वचेच्या डॉक्टरांनी वाचलं. "ताई, सकाळपासून ही कितवी?"

"अकरावी."

"अकरावी कंबर. अकराही पाठवू? तिकडे तिघंजण आहेत. काल एका बाईंना ऑपरेशनचं टेबल मिळेपर्यंत तास गेला, ते या असल्याच गर्दीमुळे."

"यांची पोटातली नस फुगलेली आहे. फाइलमध्ये आहे."

त्यांनी मान वर केली. "किती?"

"साडेचार की पाच सेंटीमीटर. नक्की आठवत नाही."

"फाइल कुठंय?"

"दवाखान्यात. कुलपात."

"साडेचार आणि पाच यांत फरक आहे, ताई. आणि फुगलेली नस असलेल्या माणसालाही साधी कंबरदुखी होते." त्यांनी डोळे चोळले. आवाज चढला नव्हता, उलट मऊ झाला होता. "तुमच्या आठवणीवर मी सही कशी करू? आपण सरकारला हेच सांगतोय ना, की काउंटरवर बसलेल्यांनी निदान करू नये? अर्ध्या तासाने विचारा त्यांना. वाढलं तर बघू."

ताई फोनपाशी परत आली. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तरी अर्धा तास थांबणं तिला जमेना. तिने लगेच नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. ती मोजत होती. चौदाव्या घंटेला फोन उचलला गेला.

"घड्याळजी?"

"हं." मग बराच वेळ नुसता श्वास. "ताई, जरा गार वाटतंय हो."

तिने फोन खाली ठेवला. लाल शाईत ते लिहिणारे डॉक्टर वर होते. ती जिना चढायला लागली.

वरच्या मजल्यावर बैठक चालू होती. नऊ दिवसांत पहिल्यांदाच सरकारची माणसं बोलणी करायला आली होती. दाराबाहेर वार्ताहर भिंतीला टेकून उभे होते आणि संघटनेचा शिपाई स्टुलावर.

"ताई, आत सोडायचं नाही सांगितलंय. अध्यक्षांनी बजावलंय."

"माहितीय," ती म्हणाली आणि त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून तिने दार ढकललं.

लांब टेबल होतं. एका बाजूला संघटनेचे सहाजण, दुसऱ्या बाजूला आरोग्य खात्याच्या सचिवबाई आणि त्यांची माणसं. तिचे डॉक्टरच बोलत होते. "रोगी आणि डॉक्टर यांच्यामध्ये तिसरा कोणी बसला की–" एवढ्यात त्यांना ती दिसली. सगळ्या माना वळल्या.

"डॉक्टर, घड्याळजींचा फोन आला होता. कंबर दुखतेय, डावीकडून. उठलं की अंधारी येते. घाम आहे. आता गार वाटतंय म्हणतात."

डॉक्टरांच्या हातातला चष्मा हातातच राहिला. "पोट?"

"विचारलं नाही. कागदावर तो प्रश्न नाही."

डॉक्टर उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. अध्यक्षांनी त्यांची बाही धरली. "आत्ता? तुम्ही आत्ता उठून गेलात तर बोलणी मोडली असं समजतील."

"समजू द्या."

"दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. रुग्णालय आहे ना उघडं?"

"त्याचं पोट मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले आणि बाही सोडवून घेतली. टेबलाला वळसा घालून ते बाहेर पडले. वार्ताहर ताडकन सरळ झाले.

खाली येताच त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांना सांगितलं, "सर्जनला फोन करा. पोटातली महाधमनी फुटतेय म्हणावं. टेबल मोकळं ठेवा, रक्त मागवून ठेवा." त्वचेच्या डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी एकही प्रश्न न विचारता फोन ओढला. रुग्णवाहिका शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेली होती. डॉक्टरांनी स्वतःची गाडी काढली. ताई शेजारी बसली. बाजारापर्यंत सात मिनिटं लागली.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. डॉक्टर वाकून आत शिरले. घड्याळजी काउंटरमागे जमिनीवर बसला होता, पाठ कपाटाला टेकलेली, डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच. चेहरा मेणासारखा.

"अरे, तुम्ही कशाला आलात?" तो म्हणाला. "संप आहे ना?"

डॉक्टरांनी त्याच्या पोटावर हलकेच हात ठेवला आणि लगेच उचलला. ताईने त्यांचा चेहरा पाहिला. पुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

समोरच्या चपलांच्या दुकानाचा मालक धावत आला. तिघांनी त्याला दुकानातल्या खुर्चीत बसवून उचललं, इंच इंच सरकत गाडीपर्यंत नेलं आणि मागच्या सीटवर आडवं केलं. ताई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वाटेत तो दोनदा काहीतरी पुटपुटला. एकदा म्हणाला, "एका बाईंचं घड्याळ उघडं राहिलंय, धूळ बसेल." त्यानंतर बोलला नाही. ताईने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली होती. नाडी कधी लागत होती, कधी निसटत होती.

रुग्णालयाच्या दारात सर्जन हातमोजे घालून उभा होता.

शस्त्रक्रिया चार तास चालली. ताई आणि डॉक्टर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून होते. दुपारी सर्जन बाहेर आला आणि म्हणाला, "जिवंत आहे. अजून अर्ध्या तासाने आणला असतात तर मी काही करू शकलो नसतो. पुढचं उद्या बोलू."

डॉक्टरांनी मान मागे भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "बघितलंत, ताई? मी वर हेच सांगत होतो. ओळख. एकोणीस वर्षांत तुम्हाला माणसं पाठ झालीत. उद्या सरकारी खिडकीवर कोणी बसेल, त्याला घड्याळजीची फाइल आठवेल का?"

ताई हातातल्या रुमालाची घडी घालत राहिली.

"डॉक्टर, तो दोन रकान्यांचा कागद सरकारने नाही केला. आपण केला."

त्यांनी तिच्याकडे मान वळवली.

"आणि ते तपासायला का आले नाहीत, तेही मला आठवतंय. दोनदा मी फोन केला होता. दोन्ही वेळा म्हणाले, कायदा झाला की करू."

"मला सांगितलं नाहीत तुम्ही. मी पैसे न घेता करून दिलं असतं."

"त्यांना मागायची लाज वाटली असेल."

"कायद्याची वाट बघत बसला म्हणूनच ही वेळ आली."

"वाट बघावी लागली म्हणून आली," ताई म्हणाली. एकोणीस वर्षांत ती त्यांच्याशी अशी बोलली नव्हती. तिचे कान तापले. मग ती उठली. "मी जाते कार्यालयात. सकाळपासून अकरा कंबरा होत्या. बाकीचे दहा आपल्या दवाखान्याचे नव्हते, म्हणून त्यांचं मला काहीच आठवलं नाही."

कार्यालयाबाहेर कॅमेरे होते. वर बोलणी मोडली होती आणि चिटणीस बैठक सोडून गेल्याची बातमी एव्हाना रेडिओवर आली होती. ताईने खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि पहिला नंबर फिरवला. "सकाळी तुम्ही कंबरेसाठी फोन केला होतात. थोडं अजून विचारायचं होतं." तिसऱ्या फोनच्या वेळी त्वचेचे डॉक्टर खुर्ची घेऊन तिच्या शेजारी आले. त्यांनी उरलेल्यांतल्या अर्ध्या चिठ्ठ्या उचलल्या.

"पोट विचारा," ते म्हणाले. "ताप विचारा. लघवीचं विचारा. पायाला मुंग्या येतात का, तेही."

दहांपैकी आठांची नुसतीच कंबर होती. एक बाई तापाने फणफणली होती, तिच्या मूत्रपिंडाला सूज होती. तिला रुग्णवाहिका गेली, सही लगेच झाली. एकाने फोन उचललाच नाही. दोघांनी संध्याकाळपर्यंत आळीपाळीने तो नंबर लावला. दुसऱ्या दिवशी कळलं, गृहस्थ लेकीकडे जाऊन झोपले होते.

बोलणी पुढे पाच दिवस बंद राहिली. त्या पाच दिवसांचं खापर डॉक्टरांवर फुटलं आणि संघटनेने त्यांचं चिटणीसपद काढून घेतलं. शेवटी दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडलं. कायदा झाला, पण ज्या डॉक्टरांना बाहेर राहायचं असेल त्यांना मुभा मिळाली. ताईचे डॉक्टर बाहेर राहिले. त्यांचं मत बदललं नव्हतं. नणंदेने पेढे वाटले नाहीत एवढंच, बाकी सगळं घर डोक्यावर घेतलं. त्या दिवशी बैठकीत नेमकं काय झालं, हे ताईने तिला बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नणंदेने ते दारोदार सांगितलं असतं, आणि डॉक्टरांच्या बाजूच्यांनी ते उलट अर्थाने सांगितलं असतं. घड्याळजीला कोणाच्याच भाषणात जायचं नव्हतं. दीड महिना तो अंथरुणात होता. डाव्या पावलातली संवेदना परत आली नाही.

दवाखाना उघडला त्या सकाळी ताई तासभर आधी गेली. कपाटातल्या सगळ्या फाइली तिने एकेक करून चाळल्या. डॉक्टर आले तेव्हा टेबलावर एक यादी होती. त्रेसष्ट नावं.

"हे काय?"

"तपासणी पुढे ढकललेली माणसं."

डॉक्टरांनी यादी उभ्याउभ्या वाचली. मग बसून पुन्हा वाचली. काही नावांवर त्यांचं बोट थांबत होतं. "यांपैकी कायद्यासाठी थांबलेले किती?"

"विचारलं नाही," ताई म्हणाली. "विचारणारही नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"रोज पाच बोलवा," ते म्हणाले. "आणि पैशाचा विषय फोनवर काढू नका. मी बघतो."

ताईने फोन पुढे ओढला आणि यादीतलं पहिलं नाव वाचलं.