मागच्या सीटचा प्रश्न

राजीव आठल्ये हल्ली सगळ्यांना सांगत सुटतो, की त्याने ते इंजिन घरी आणलं तेव्हा बायको किंचाळली. साफ खोटं. साधना किंचाळली ती इंजिन बघून नव्हे, ते जेवणाच्या टेबलावर ठेवलेलं बघून, आणि तेही नव्या कोऱ्या मेणकापडावर. कुठलीही शहाणी बाई किंचाळेल.

झालं होतं असं, की त्यांची स्कूटर पंधरा वर्षांची झाली आणि दिल्लीच्या नियमाप्रमाणे भंगारात गेली. राजीवने काही दिवस सुतक पाळलं. मग एका सकाळी उठून मायापुरीच्या भंगार बाजारात गेला आणि सत्तर वर्षांचं ब्रिटिश इंजिन घेऊन आला, गिअरबॉक्ससकट. म्हणजे पंधरा वर्षांची स्कूटर ते प्रदूषण, आणि आजोबांच्या वयाचं हे धूड तो वारसा! घ्या.

"बर्मिंगहॅमचं आहे," राजीव म्हणाला.

"मग तिथे कुणाला नको झालं होतं?"

"अगं, याच्याभोवती अख्खी मोटरसायकल बांधणार मी. जुन्या ढंगाची. मग आपण दोघं जाऊ मुरथलला, पराठे खायला."

आपण दोघं. साधना विरघळली ती या दोन शब्दांवर, नाहीतर ते इंजिन त्याच दिवशी लिफ्टने खाली गेलं असतं. सरोजिनी नगरच्या क्वार्टरपासून मयूर विहारच्या या फ्लॅटपर्यंतचा सगळा संसार तिने राजीवच्या मागे बसून केला होता, आधी जुन्या स्कूटरवर, मग हिच्यावर. मांडीवर भाजीची पिशवी, मग मुलगा, मग पुन्हा पिशवी. भांडणंसुद्धा तिथेच व्हायची, कारण हेल्मेटमुळे राजीवला निम्मंच ऐकू जायचं आणि प्रकरण लवकर मिटायचं. आता मुलगा बंगळुरूला, राजीव रिटायर, आणि स्कूटर गेल्यापासून दोघं मिळून कुठे म्हणून गेली नव्हती. तो मेट्रोने फिरायचा. तिच्याकडे एक छोटी बॅटरीवाली स्कूटी होती, तिच्यावर एक माणूस आणि दोन किलो कांदे मावायचे, बस. साधनाला पराठ्यांचं काही पडलं नव्हतं. तिला तिची जागा परत हवी होती.

म्हणून ती कंबर कसून कामाला लागली. नोएडात प्रसन्न नावाचा एक पुण्याचा मुलगा होता, आठवडाभर आयटीत आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गॅरेजमध्ये. पाइप वाकवून फ्रेम त्याने बांधली, पत्रा ठोकून टाकी त्याने केली. इंजिन उघडायला घेतलं तर एकही पाना लागेना. मिलिमीटरचे बसेनात, इंचाचे बसेनात. साहेब जाताना अख्खा देश सोडून गेले आणि पाने तेवढे घेऊन गेले, असं साधना म्हणाली. शेवटी पाने मिळाले, नट सुटले. कार्बोरेटर साधनाने जुन्या टूथब्रशने घासला, क्लचच्या प्लेटा पुसल्या, इंजिनाच्या जोडांत बसवायचा गॅस्केटचा कागद शंकरपाळ्याच्या सफाईने कापला. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी तिने काळ्या हातांनी प्रसन्नला मिठी मारली. राजीवलाही मारली असती, पण तो सायलेन्सरचा चटका बसून नळाखाली हात धरून उभा होता.

मग रंगकामाचे दिवस आले आणि तिला गॅरेजची बंदी झाली. "सरप्राइज आहे," राजीव म्हणाला. साधना मनातल्या मनात सीटचं कव्हर ठरवत बसली.

दसऱ्याच्या सकाळी टेम्पो सोसायटीत शिरला. साधना तबक घेऊन खाली उभीच होती. झेंडूचा हार, हळदकुंकू, निरांजन, चाकाखाली ठेवायला लिंबू. आपटा दिल्लीत कुठला मिळायला, तशीच दिसणारी कचनारची पानं होती. शेजारच्या द्वारकाताई नातवंडांना घेऊन आल्या होत्या. गार्डसुद्धा गेट सोडून आला.

गाडी उतरली आणि सगळे तिच्याभोवती गोळा झाले. काळी टाकी, तिच्यावर सोनेरी बारीक रेघ, गोल मोठा दिवा. देखणी म्हणजे देखणीच. आणि टाकीच्या मागे तपकिरी चामड्याची एक सीट, बशीएवढी. तिच्या मागे उघडा मडगार्ड. बास. गाडी संपली.

साधनाने एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून. 

"मी कुठे बसू?"

राजीव रुमाल काढून टाकी पुसायला लागला.

"काकू, ही स्टाइलच अशी असते," प्रसन्न घाईने म्हणाला. "सिंगल सीट. मागे दुसरी लावली तर गाडीची लाइन बिघडते."

"तू थांब रे. अहो, मी तुम्हाला विचारतेय."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण राजीवला ऐन वेळी खरं बोलण्याची वाईट खोड. "माझ्या डोक्यातच आलं नाही गं," तो म्हणाला. "त्याने ड्रॉइंग दाखवलं, मला आवडलं, मी हो म्हटलं. शप्पथ, लक्षातच आलं नाही."

मुद्दाम केलं असतं तर साधनाने त्याला फाडून खाल्लं असतं आणि मोकळी झाली असती. पण हा माणूस तिला विसरला! जिने गॅस्केटं कापली तिला. आणि हे सगळं चारचौघांत. एवढा राग आणि एवढं रडू एकदम यावं आणि हातात निरांजन असावं, ही काय परिस्थिती आहे का?

"औक्षण कर ना," द्वारकाताई हळूच म्हणाल्या. "वात विझेल."

"चालवून तर दाखवू दे आधी," साधना म्हणाली. "गाडी चालते का बघू, मग ओवाळू."

द्वारकाताईंनी हार तेवढा दिव्याला घातला आणि राजीव बसला. प्रसन्नने किक मारून दिली, इंजिन धडधडलं, कबुतरं उडाली. आता इथे एक गंमत होती. या जुन्या ब्रिटिश गाड्यांचा गिअर उजव्या पायाला असतो आणि ब्रेक डाव्या पायाला. प्रसन्नने हे राजीवला शंभरदा सांगितलं होतं, आणि राजीवनेही शंभरदा मान डोलावली होती. पण मान डोलावते ती वर, आणि पाय असतो खाली. उभा जन्म स्कूटर चालवलेला तो पाय. त्याला एकच ठाऊक, उजवा पाय दाबला की गाडी थांबते.

राजीव ऐटीत निघाला. पार्किंगच्या वळणावर समोर कुत्रं आलं. त्याने उजवा पाय दाबला. या गाडीत पाय खाली दाबला की वरचा गिअर पडतो. कुत्रं शहाणं होतं, ते पळालं.

"ब्रेक, काका, ब्रेक!" प्रसन्न ओरडला.

राजीवने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला, म्हणजे आणखी एक गिअर टाकला. दसऱ्याच्या मंडपासाठी आणून ठेवलेली खुर्च्यांची चळत गेली. हार उडून टाकीवरून त्याच्या तोंडावर आला. तशाही अवस्थेत तो पाय दाबतच होता, आणि पाय मुकाट्याने गिअर टाकत होता. शेवटी बागेच्या कडेला माळ्याने शेणखताचा ढीग घातला होता, त्याने हे प्रकरण हातात घेतलं.

"अंकल जी, ज़िंदा हो?" गार्डने विचारलं.

अंकलजी जिवंत होते. गाडीलाही ओरखडा नव्हता. पँट झाडून राजीव हट्टाने पुन्हा बसला आणि पुन्हा खतात गेला. दुसऱ्या वेळी तर नातवंडांनी टाळ्या वाजवल्या.

साधनाने तबक द्वारकाताईंच्या हातात दिलं. वर गेली. सगळ्यांना वाटलं, रुसून गेली. ती खाली आली ती साडी बदलून, योगावर्गाची पँट आणि स्कूटीचं हेल्मेट घालून.

"उतरा."

"अगं, तुला गिअरची सवयच नाही!"

"तेच तर म्हणतेय मी. तुम्हाला आहे."

खरंच होतं ते. तिच्या स्कूटीला पायाशी काही नव्हतंच. तिचे पाय कोरे होते. क्लच काय करतो हे तिला पाठ होतं, तिने त्याच्या प्लेटा पुसल्या होत्या. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा हिसका बसला. मग गाडी चालायला लागली.

वळणावर तेच कुत्रं. त्याला आज दुसरा उद्योग नव्हता. साधना घाबरली, आणि स्कूटीवर घाबरल्यावर करते तेच तिने केलं. दोन्ही हातांनी दोन्ही दांडे आवळले. डावीकडे क्लच, उजवीकडे पुढचा ब्रेक. गाडी कुत्र्याच्या नाकापुढे जागच्या जागी उभी राहिली.

"वा काकू!" प्रसन्न नाचायलाच लागला.

ती पुन्हा निघाली. बागेला वळसा घालताना तिच्या ध्यानात आलं, की समोर कुणाची मान नाही. इतकी वर्षं तिने अख्खी दिल्ली राजीवच्या कानाच्या बाजूने बघितली होती. इंडिया गेटसुद्धा अर्धंच. आणि आता रस्ता सगळा दिसत होता, डावीकडून उजवीकडे, सलग. ती इतकी खूश झाली की खूश झाल्याचाच तिला राग आला. हे कुणी आधी का नाही सांगितलं?

परत येऊन तिने गाडी उभी केली. राजीव जवळ आला. अंगाला खताचा वास.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "विसरायला नको होतं."

"नकोच होतं," साधना म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि हेल्मेटची काच वर होती, त्यामुळे लपवायची सोय नव्हती.

"काकू, दिवाळीच्या आधी मागे सीट लावून देतो," प्रसन्न म्हणाला. "लाइन गेली खड्ड्यात."

"लाव. मऊ लाव, काकांची कंबर दुखते."

राजीवने तिच्याकडे पाहिलं, मग प्रसन्नकडे, मग द्वारकाताईंकडे. कुणीच त्याची बाजू घेईना. त्याने उघड्या मडगार्डवर हात ठेवून जागा चाचपली.

"साधना," शेवटी तो म्हणाला, "मागे बसल्यावर धरायचं कशाला असतं?"

साधनाने विचार केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"कशालाच नसतं," ती म्हणाली. "पुढच्यावर विश्वास ठेवायचा असतो."