उंबऱ्याजवळचा तांब्या

कस्तुराबाई गेल्याची खबर नांदेडच्या दवाखान्यातून आली, त्या दिवशी उमरीजवळच्या तिच्या घरी माणसं जमली. भावकीतल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे घरातलं पाणी ओतून दिलं. पोरांसाठी ती उंबऱ्याजवळ तांब्या भरून ठेवायची. तोही रिकामा झाला. कुणीतरी तो उचलून फळीवर ठेवला, आणि तो तिथंच राहिला.

तेव्हा शिमगा होता. मग मे आला. टँकरचा भरवसा नव्हता. तिचा नवरा सटवाजी रांजणावर फरशी ठेवून रानात जायचा. जाताना म्हणायचा, "पाणी सांडू नका." मोठी लेक तनुजा समजूतदार. ती बापाला विचारल्याशिवाय रांजणाला हात लावायची नाही. चार वर्षांच्या शिवमला तर ती फरशी हलायचीच नाही.

एका दुपारी सटवाजी घरी आला तर शिवम भिंतीकडेला निपचित पडलेला. ओठ कोरडे. रडला, पण डोळ्यात टिपूस नाही.

"आईच्या आठवणीनं सुकून चाललंय लेकरू," असं म्हणून सटवाजी डोकं धरून बसला.

शेजारची हुसेनबी भाकरी घेऊन आली होती. तिनं पोराकडे एकदा पाहिलं.

"सकाळपासून लघवीला गेलं का हे?"

सटवाजीला माहीत नव्हतं. तनुजा हळूच म्हणाली, "न्हाई, चाची."

"आठवण न्हाई रे बाबा, तहान हाय ही! रांजणावर नागोबासारखा बसून राहिलास, अन् पोरगं कोरडं पडलं!"

"पण त्यानं मागितलं न्हाई, भाभी."

"लेकरू मागतंय व्हय? खेळात इसरतंय, न्हाईतर बापाच्या धाकानं गप बसतंय. कस्तुरा मागायची वाट बघत व्हती का? येता-जाता पेला तोंडाला लावायची!"

अरेरे! बायकोसाठी सटवाजी रोज रडला होता. पण ती दिवसभर काय करायची, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

हुसेनबीनं साखर-मिठाचं पाणी कालवून चमच्यानं पाजायला घेतलं. तिचा मुलगा मुनीब ऑटो घेऊन आला. दवाखान्यात सलाईन लागलं. संध्याकाळी शिवम बापाच्या मांडीवरच मुतला. सटवाजी हसला, आणि मग त्याला रडू आवरेना.

वाचकहो, टंचाई आपल्या सगळ्यांच्या घरी आहे. पाणी जपायचंच, पण ते लेकराच्या घशातून काढून नव्हे. उन्हाळ्यात लेकरू मागेल तेव्हा देऊ, म्हणून थांबू नका. आपण होऊन द्या, पुन्हा पुन्हा द्या. त्याचा हात पोचेल तिथं पाणी ठेवा.

सटवाजीच्या उंबऱ्याजवळ आता भरलेला तांब्या असतो. शिवम हवं तेव्हा पितो. तनुजा मात्र पेला उचलला की आधी बापाच्या तोंडाकडे बघते. तिची ती सवय सटवाजीला अजून मोडता आलेली नाही.