कुड्याचं पान वाळवणारी फळी

मी फळी बोलतेय. भांड्यांच्या किंवा पुस्तकांच्या फळीशी माझं नातं लाकडापुरतंच. सागाच्या पातळ पट्ट्या आडव्या-उभ्या ठोकून केलेल्या दोन जाळ्या, त्यांच्या मधोमध रद्दी कागदांची चळत आणि हे सगळं आवळून धरणारे दोन चामडी पट्टे, एवढंच माझं शरीर. रानातून आणलेली डहाळी माझ्यात दाबून वाळवतात. नीट वाळली की ती वर्षानुवर्षं टिकते आणि ज्यांनी ते झाड कधी पाहिलं नाही, त्यांनाही त्याची ओळख पटते.

माझा जन्म जालन्यातला, एकोणीसशे बावन्न सालचा. धर्मराज सुताराने मला घडवलं. राजकुमारी नावाच्या तरुण शिक्षिकेने दिलेलं माझं चित्र त्याने उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "बाई, ह्या खिडकीला काच कुठून बसवायची?"

"खिडकी न्हाई, धर्मराजमामा. ह्याच्यात पानं वाळवायचीत."

"पानं तर उन्हातबी वाळतात."

"उन्हात चुरगळतात. मला झाडावर होती तशीच पाहिजेत."

धर्मराजला ते फारसं पटलं नसावं. पण माझ्या कडा त्याने अशा घासल्या की कोवळ्यात कोवळं पानही माझ्यात कधी अडकून फाटलं नाही. पट्टे टांग्याच्या जुन्या साजातले मिळाले. कागद म्हणून निजामाच्या काळातली उर्दू वर्तमानपत्रं आली. ती ओल छान टिपून घेत.

राजकुमारी म्हणजे जालन्याचे कापसाचे व्यापारी बन्सीलाल यांची मुलगी. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले. आता घरात मारवाडी आणि बाहेर इथलीच बोली. ती हैदराबादला वनस्पतिशास्त्र शिकून आली होती आणि मुलींच्या शाळेत शिकवत होती. सुट्टी लागली की मला खांद्याला अडकवून निघायची. खेड्यापाड्यांतले वैद्य कोणती झाडं औषधाला वापरतात, ती नेमकी कोणती आणि त्यांचा खरोखर गुण येतो का, हे तिला तपासायचं होतं. घरात कुणी म्हणायचं, शिकलेली पोर झाडपाल्यामागे लागली. शाळेत कुणी म्हणायचं, ह्या जुन्या औषधांत काय ठेवलंय. ती दोघांशीही वाद घालत नसे. मला उघडायची, जुने ओले कागद काढायची, कोरडे घालायची.

अशाच एका फेरीत आम्ही कुंभार पिंपळगावला काकासाहेबांच्या दारी गेलो. काकासाहेब शेती करणारे, पण वडिलांकडून वैद्यकी शिकलेले. उंच, सावळे, कमी बोलणारे. त्यांचा हातखंडा रक्ती आवेवर. कुड्याच्या सालीचा काढा द्यायचे आणि पोटातली कळ बसायची. लांबलांबून माणसं यायची. त्यांनी राजकुमारीपासून काही लपवलं नाही. "माझ्या बापानं शिकवलं ते मी करून राह्यलो," ते म्हणाले. "पर ते का लागू पडतं, हे मलाबी ठावं न्हाई. तुमाला कळलं तर मला सांगा." असं म्हणणारी माणसं मी पुढे फार थोडी पाहिली.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात गावात आवेची साथ आली. आम्ही पोचलो तेव्हा काकासाहेबांच्या ओसरीवर एकही रोगी नव्हता. औषधाच्या कपाटाला कुलूप होतं. ते पाठमोरे बसून होते.

त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी सगळं सांगितलं. काढा दिला, गुण आला नाही. पुन्हा दिला, तरी नाही. बरेच जण अंबडच्या डॉक्टरांकडे जाऊन वाचले. गावातल्याच कडूबाची म्हातारी आई गोजरबाई मात्र "मला काकासाहेबाचंच औषध पाहिजे" म्हणून हटून बसली आणि गेली. तिचा तिसरा दिवस झाल्यावर कडूबा दारात येऊन उभा राहिला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "तुमच्या हाताला यश व्हतं, काकासाहेब. ते कुठं गेलं?"

त्याच दिवशी कपाटाला कुलूप लागलं.

राजकुमारीने उरलेली साल बघायला मागितली. काकासाहेबांनी मान हलवली. "राहू द्या बाई. माझंच चुकलं असंल कुठं तरी."

द्वारकाबाईंनी मात्र कमरेची किल्ली काढली. "आवं, चुकलं असंल तर कळू तर द्या," त्या म्हणाल्या. त्यांनी सालीची पुडी राजकुमारीच्या हातात ठेवली.

राजकुमारीने एक तुकडा चघळला. कडू होती. रंगही तसाच. पण भिंगाखाली धरल्यावर तिला त्यात दोन तऱ्हेचे तुकडे दिसले. काही कडुनिंबाच्या सालीचे. उरलेल्यांवरून झाड ओळखता येईना, कारण साल म्हणजे झाडाची पाठ. पान, फूल, शेंग पाहिल्याशिवाय ती शपथेवर काही सांगणार नव्हती.

"ही साल आणली कुठून?"

काकासाहेब जरा घुटमळले. मग म्हणाले, "आदी मीच जायचो डोंगरात. आता गुडघे साथ देत न्हाईत. जालन्याहून मागवतो. तुमच्या काकांच्या दुकानातून."

वडीगोद्रीपर्यंत बैलगाडी आणि पुढे मोटार, त्या सबंध वाटेत तिने मला मांडीवर धरलं होतं. पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तिचे काका किशनलाल यांचं जडीबुटीचं दुकान जालन्यात नावाजलेलं होतं. माणूस देवभीरू, तोलून मापून वागणारा. तिनं विचारलं तेव्हा ते दुखावले. "बेटी, माझ्या दुकानातला माल बिलकुल खरा असतो. भोकरदनकडचा ठेकेदार आणतो. वैद्याचा हात चुकला असंल."

"असंल, काकाजी. म्हणूनच म्हणते, ते झाड बघून येऊ. तुम्हीबी चला."

ते आले. मला वाटतं, तिला खोटं ठरवायलाच आले. भोकरदनच्या वरच्या अंगाला अजिंठ्याचे डोंगर सुरू होतात, तिथं ठेकेदाराच्या माणसाने जागा दाखवली. पहिल्या उतारावर पांढऱ्या कुड्याची झाडं होती. होती म्हणायचं, कारण बुंध्याभोवती पुरती साल सोलल्यामुळे ती उभीच वाळून गेली होती. "ही संपली," तो माणूस साधेपणाने म्हणाला. "मंग आम्ही त्या बाजूचा कुडा सोलायला लागलो. तोबी कुडाच हाये. थोडा कमी कडू पडतो म्हणून ठेकेदार कडुनिंबाची साल घालतो."

राजकुमारीने त्या बाजूच्या झाडाची फांदी घेतली, पानाफुलाशेंगांसकट. मग अजून जिवंत असलेल्या एका पांढऱ्या कुड्याची घेतली. दोन्ही माझ्यात शेजारी शेजारी ठेवल्या आणि पट्टे आवळले. ताजी असताना पानं इतकी सारखी दिसत होती की किशनलालजी म्हणाले, "ह्यात फरक काय हाये?"

"थांबा, काकाजी. वाळू द्या."

मी माझ्या आयुष्यात शेकडो पानं धरली. पण त्या दोन डहाळ्यांइतकं जपून मी कुणाला धरलं नाही. कागद रोज बदलले जात होते. ओल हळूहळू माझ्या पट्ट्यांतून बाहेर जात होती, आणि माझ्या पोटात एका डहाळीची पानं तपकिरी-हिरवी होत चालली होती, तर दुसरीची निळसर काळी. कुणी शाई सांडावी तशी.

राजकुमारीने मला उघडलं ते किशनलालजींच्या दुकानातच. तिने दोन्ही डहाळ्या गादीवर ठेवल्या. "हा पांढरा कुडा. औषध ह्याच्या सालीत हाये. हा काळा कुडा. ह्याच्या पानात निळीसारखा रंग असतो, म्हणून वाळलं की काळं पडतं. झाड चांगलंच हाये, पण आवेवर ह्याचा तसा उपयोग न्हाई. तुमच्या पोत्यांत हाच भरलाय."

किशनलालजींनी काळं पान उचललं, उजेडात धरलं, परत ठेवलं. गिऱ्हाईकं उभी होती. तिने आवाज खाली आणला होता, त्यांनी आपला वर चढवला. "सगळ्यांना ऐकू द्या," ते म्हणाले. "कुड्याची विक्री बंद." पोती मागच्या अंगणात नेऊन त्यांनी स्वतः जाळली. मग तिला विचारलं, "त्या कडूबाचं गाव किती लांब पडतं?"

ती म्हणाली, "तुम्हाला जायची गरज न्हाई, काकाजी. मी सांगते."

"तू शास्त्र सांगशील," ते म्हणाले. "बाकीचं मलाच सांगावं लागंल."

कुंभार पिंपळगावच्या त्या ओसरीवर मी सतरंजीच्या कडेला पडले होते. काकासाहेब, द्वारकाबाई, बोलावून आणलेला कडूबा आणि समोर पांढरी पगडी मांडीवर काढून ठेवलेले किशनलालजी. ते म्हणाले, "तुझ्या आईच्या पोटात जी साल गेली ती माझ्या दुकानची होती. मी ती न बघता विकली. वैद्याचा हात बराबर होता."

"आता माय काई वापस येत न्हाई, शेटजी," कडूबा म्हणाला. "पर तुमी येऊन सांगितलं ते बरं केलं. मी ह्या दारावरून तोंड फिरवून जात व्हतो." मग तो उठला आणि काकासाहेबांच्या पायाशी वाकला. काकासाहेबांनी त्याला मध्येच धरलं. "मीबी न बघताच दिली, कडूबा," ते म्हणाले. द्वारकाबाई आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या.

गोष्ट इथं संपली असती तर राजकुमारीला शास्त्रज्ञ कसं म्हणणार? साल खोटी होती एवढंच सिद्ध झालं होतं. खरी साल खरोखर गुणकारी आहे, हे अजून झालं नव्हतं. तिने अंबडच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांचा झाडपाल्यावर विश्वास नव्हता, पण त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होता आणि मन सरळ होतं. ठरलं असं की रोगी आधी डॉक्टरांनी तपासायचा, पोटात आवेचे जंतू आहेत का पाहायचं. दुखणं बेताचं असेल आणि रोग्याची इच्छा असेल तरच काढा द्यायचा. मग पुन्हा तपासायचं. जड दुखण्याला सरळ इंजेक्शन.

पुढची काही वर्षं हे चाललं. बऱ्याच रोग्यांचे जंतू गेले. काहींचे गेले नाहीत. राजकुमारी निष्कर्ष मांडायला बसली तेव्हा काकासाहेब तिला म्हणाले, "ज्याला गुण आला न्हाई, त्याचंबी नाव घ्या बाई. न्हाई तर माझ्यानंतरचा माणूस फसंल." डॉक्टर त्या वेळी चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांना 'वैद्यराज' म्हणून हाक मारली.

डोंगरातही एक बदल झाला. काकासाहेब गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवून एकदा मोटारीने आणि पुढे बैलगाडीने तिथवर गेले आणि सोलणाऱ्यांना दाखवलं, की बुंधा सोडायचा, जाडशी फांदी तोडायची आणि तिचीच साल काढायची. झाड पुन्हा फुटतं.

आता एकोणीसशे साठ साल चालू आहे. राजकुमारी पुण्याला मोठ्या संशोधनाच्या कामावर गेली. तिथं लोखंडी दाबयंत्रं आहेत म्हणे. माझी एक पट्टी तुटली आहे, पट्ट्याच्या जागी सुतळी आली आहे. जाताना तिने मला काकासाहेबांच्या ओसरीवर ठेवलं. त्यांचे हात आता थरथरतात, पण गाठ ते स्वतःच मारतात. काल कुणी तरी मुतखड्यावरचं म्हणून एक झुडूप घेऊन आला. त्यांनी औषध म्हणून त्याला हात लावला नाही. माझ्यात ठेवलं आणि त्याला म्हणाले, "हे काय हाये ते मला ठावं न्हाई. आदी कळू दे."

तुम्हीही कधी या बाजूला आलात तर मोकळ्या हाताने येऊ नका. तुमच्या आजीने, मावशीने एखाद्या पाल्याचा गुण सांगितला असेल, तर त्याची एक डहाळी आणा. पान, फूल आणि फळ असलेली. मुळासकट उपटू नका. आणि कोरडी वर्तमानपत्रं असली तर तीही आणा, इथं त्यांची नेहमीच टंचाई असते.