शंभरावी रेघ

मी चित्रांचं पुस्तक बोलतोय. बत्तीस पानांचा, जाड पुठ्ठ्याचा, वरच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी दुधाच्या दातांची खूण असलेला. एका बगळ्याची आणि खेकड्याची दोस्ती माझ्यात आहे. माझ्या बोलण्याला दुकानदारीचा वास येईल, तेवढा सांभाळून घ्या. आयुष्याची दहा वर्षं मी किराणा दुकानाच्या फळीवर काढली आहेत, आणि तिथे बसलेला दगडसुद्धा बोलका होतो. पण आज मी गप्पा मारायला बसलो नाही. माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती सांगायची आहे.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या छापखान्यात झाला. माझ्यासारखी हजारो भावंडं एका दिवसात बाहेर पडली. माझ्या पहिल्या घरात मला फक्त चावलं गेलं. तिथून मी ब्रिस्बेनमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात टोपलीत येऊन पडलो, एका फुटक्या किटलीच्या शेजारी. तिथे बारानिको नावाच्या खलाशाने मला उचललं. दुकानातच उभ्याउभ्या त्याने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि खेकड्याच्या चित्रावर तो एकटाच हसला. हा माणूस प्रशांत महासागरातल्या किरिबास देशाच्या अबेमामा बेटावरचा. त्या बेटांवरचे कितीतरी बाप असेच परक्या जहाजांवर असतात.

त्याने मला पोस्टाने घरी पाठवलं, मुलीसाठी. सोबत चिठ्ठी होती. बेटावर टपाल यायचं ते काऊतूच्या दुकानात, आणि चिठ्ठी वाचून दाखवायचाही तोच. सात वर्षांची रोतिया गल्ल्यासमोर उभी होती. काऊतूने चष्मा पुसला आणि वाचलं, "रोतिया, हे पुस्तक वाच. वाचलंस की शेवटच्या कोऱ्या पानावर एक रेघ ओढ. शंभर रेघा झाल्या की मी येईन."

"शंभर?" रोतिया म्हणाली. "रोज दहा वेळा वाचलं तर?"

"तर तुझा बाप दहा दिवसांत पोहत येईल," काऊतू म्हणाला. "दमाने घे पोरी. जहाजाला वेळ लागतो."

तेव्हापासून मला सुख म्हणजे काय ते कळलं. रोतिया मला घराच्या मचाणावर पालथी पडून वाचायची. माझ्या गोष्टीत बगळा आपली मासळी खेकड्याला देतो, खेकडा आपलं अर्धं बीळ बगळ्याला देतो, आणि गोष्टीच्या शेवटी दोघं म्हणतात, 'जे माझं, ते तुझं.' रोतिया दर वेळी इथे थांबून म्हणायची, "आमच्याकडचा बगळा असता तर पहिल्याच पानावर खेकडा संपला असता." मग रेघ ओढायची. प्रत्येक रेघ पेन्सिलीची, सरळ, बोटभर उंच.

दीड वर्षात चौऱ्याहत्तर रेघा झाल्या, तेव्हा बातमी आली. बारानिको लांबच्या एका बंदरात तापाने गेला होता. त्याला तिथेच पुरलं होतं. घरात माणसं जमली, रडली, गेली. आठव्या दिवशी रोतियाने मला पुन्हा उघडलं आणि वाचलं. पंच्याहत्तरावी रेघ ओढली.

मला वाटलं, पोरीला कळलं नाही. तिला सगळं कळलं होतं. नव्याण्णव झाल्या त्या दिवशी तिने मला मिटलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण दाबून लावलं. शंभरावी ओढली नाही. जोवर ती ओढली नाही तोवर माणूस वाटेत आहे, असा तिचा हिशेब होता. हे तिने कुणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही. रोज संध्याकाळी ती किनाऱ्यावर, जिथून जहाजाची होडी आत येते तिकडे तोंड करून बसायची, एवढंच लोकांना दिसायचं.

आता माझी चूक सांगतो. दोन वर्षं मी डब्यात होतो. पुस्तकाला अंधाराचं भय नसतं, पण कुणी उघडत नाही ते सोसवत नाही. मी मनात कुढायचो. माझी चित्रं काय डब्यासाठी रंगवली होती का, असं म्हणायचो. ज्या मुलीने नव्याण्णव वेळा मला छातीशी धरलं, तिच्यासाठी मला फक्त मिटून पडायचं होतं. तेवढंच तिने मागितलं होतं, आणि तेवढंच माझ्याने मनापासून झालं नाही.

एकदा ओल धरली म्हणून रोतियाच्या आईने घरातलं सगळं उन्हात काढलं. चटया, कपडे, चर्चचे झगे, आणि त्यातच मी. रोतियाची मैत्रीण तेकिमाऊ तिथे शिंपल्यांची माळ ओवत बसली होती. दोघी अकरा वर्षांच्या, एकाच बाकावर बसणाऱ्या. मोठ्या भरतीत शाळेची पुस्तकं भिजून गेली होती आणि तेकिमाऊच्या घरी छापील कागद म्हणजे साबणाचं वेष्टण, एवढाच. वारा आला. माझी पानं फडफडली. मला पानं आवरता आली असती असं मी म्हणत नाही, पण त्या वेळी मी ती आवरू पाहिली नाहीत. मी माझं सगळं दाखवलं.

तेकिमाऊने माळ बाजूला ठेवली आणि मला वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "असं पुस्तक तुझ्याकडे आहे आणि तू ते डब्यात ठेवतेस? डब्यात बिस्किटंसुद्धा इतके दिवस टिकत नाहीत."

रोतिया उन्हातले कपडे उलटे करत राहिली.

"बघ, यातच लिहिलंय. जे माझं, ते तुझं." तेकिमाऊ हसली आणि सरळ बसली. "रोतिया, मी बुबुती करते. हे पुस्तक मला दे."

बुबुती हा शब्द त्या बेटांवर सहज उच्चारायचा नसतो. आपल्या माणसाने बुबुती करून मागितलं की नाही म्हणायचं नाही. होडी मागितली तर होडी, अंगातला सदरा मागितला तर सदरा. नाही म्हणणाऱ्याच्या घराची लाज गावभर होते. रोतियाच्या आईचे हात चटईवर थांबले. शेजारची बाई नारळ खवता खवता बघायला लागली.

"घे," रोतिया म्हणाली. हसून म्हणाली. आणि मी, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी खूश होतो.

तेकिमाऊच्या घरी मी दिवाबत्तीच्या आत चार वेळा वाचला गेलो. मग तिला शेवटच्या पानावरच्या रेघा सापडल्या. तिने बोटाने मोजल्या. "नव्याण्णव," ती आईला म्हणाली. "एकच राहिली. रोतिया विसरली असेल." मग तिने मला पाचव्यांदा वाचलं, अगदी निगुतीने, एक शब्द न गाळता, आणि शंभरावी रेघ ओढली. पेन्सिल नव्हती म्हणून चुलीतल्या कोळशाने. मैत्रिणीचं राहिलेलं काम आपण पुरं केलं, याचा तिला केवढा आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिने मला रोतियासमोर उघडलं. "बघ, पूर्ण केलं तुझं."

रोतियाने कोळशाची रेघ पाहिली. "चांगलं केलंस," ती म्हणाली. त्या दिवशी ती घरी एकटी गेली.

पंधरा दिवसांनी तेकिमाऊ मला घेऊन काऊतूच्या दुकानात आली. "काका, रोतिया माझ्याशी बोलत नाही. बाक बदलून घेतला. मी काय केलं?"

काऊतूने माझं शेवटचं पान पाहिलं. रेघा मोजल्या, कोळशाची रेघ पाहिली, आणि त्याला आपणच वाचलेली चिठ्ठी आठवली. त्याने तिला सगळं सांगितलं. ती तिथेच साखरेच्या पोत्यावर बसली.

"मी आत्ता परत देऊन येते," ती म्हणाली.

"मागून घेतलेलं परत करतात का? तिच्या आईच्या तोंडावर फेकल्यासारखं होईल."

"मग तिने माझ्याकडे मागावं. मी लगेच देईन."

"ती मागणार नाही. मागितलं तर दिलं होतं ते मनापासून नव्हतं, असं गाव म्हणेल."

"मग मी काय करू?"

"मला माहीत असतं तर मी साबण विकत बसलो असतो का?"

"तुमच्याकडे ठेवा मग. माझ्याच्याने हे घरात बघवत नाही."

काऊतू मोठा हुशार माणूस. त्याचं पहिलं दुकान मेहुणे, चुलते आणि साडूंनी बुबुती करून चार महिन्यांत संपवलं होतं. दुसरं दुकान त्याने चर्चच्या महिला मंडळाच्या नावावर काढलं. मग कुणी तांदूळ मागितले की तो हात जोडायचा, "माझे असते तर पोतं दिलं असतं हो, पण हे बायकांचं आहे." माझ्याबद्दलही कुणी विचारलं की तो तेच सांगायचा. एकदा त्याची सख्खी बहीण नातवासाठी मला मागत होती. तो म्हणाला, "ते माझं नाही."

"मग कुणाचं?"

"तेच तर ठरायचंय."

असा मी दहा वर्षं माशांचे डबे आणि काडेपेट्या यांच्यामध्ये उभा होतो. दोघी दुकानात यायच्या, कधी एकत्र नाही. रोतिया फळीकडे न बघता रॉकेल घ्यायची. तेकिमाऊ बघायची. खारट हवेने माझे रंग उतरले, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. पुन्हा कुणाच्या डोळ्यांत भरायचं नव्हतं.

तेकिमाऊ एकविसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियात फळं तोडायच्या कामावर निघाली. निघायच्या आदल्या दुपारी ती दुकानात आली, तिने मला फळीवरून काढलं आणि पदराने पुसावं तसं लाव्हालाव्हाच्या टोकाने पुसलं. लाव्हालाव्हा म्हणजे कमरेला गुंडाळायचं त्यांचं कापड.

"कुठे?" काऊतूने विचारलं.

"बुबुती करायला."

रोतिया मचाणावर केवड्याच्या पानांची चटई विणत होती. तिची दोन वर्षांची मुलगी शेजारी झोपली होती.

"रोतिया, मी बुबुती करायला आलेय."

"आता माझ्याकडे काय उरलंय?" रोतियाने मान वर केली नाही.

"हे पुस्तक तू घ्यावंस, एवढं मागते."

रोतियाचे हात थांबले. "घ्या म्हणून कुणी बुबुती करतं का?"

"मी करते. नाही म्हणून दाखव. शेजारची बाई बघतेय."

शेजारची बाई खरंच बघत होती. रोतियाने मला घेतलं. शेवटचं पान उघडलं. कोळशाची रेघ पुसट झाली होती, पण होती.

"तू ही रेघ ओढलीस ना, त्याच आठवड्यात जहाज आलं होतं," ती म्हणाली. "मी धक्क्यावर गेले होते. मला माहीत होतं, तरी गेले. सगळी माणसं उतरली. मग डुकरं उतरली. मग पेट्या उतरल्या. मग होडी रिकामी झाली."

तेकिमाऊ मचाणाच्या कडेला बसली. "कुणी सांगितलं नव्हतं मला."

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं." रोतियाने मला तिच्या हातात दिलं. "वाच. तुझा आवाज चांगला आहे."

तेकिमाऊने वाचायला घेतलं. गोष्टीची ती शेवटची ओळ आली तेव्हा ती न वाचताच तिने पान उलटायला घेतलं.

"तीही वाच," रोतिया म्हणाली. "त्या बिचाऱ्या बगळ्याने काय केलंय?"

तिने वाचली. त्या वाचनाची रेघ कुणीच ओढली नाही.

तेकिमाऊ गेली, तिची पत्रं आता काऊतूच्या दुकानात येतात. मी मचाणावर असतो. रोतियाची मुलगी माझा दुसरा कोपरा चावते आहे. मला उघडतात, वाचतात, सगळं आहे जे मी त्या डब्यात मागत होतो. पण शेवटचं पान उघडलं की नव्याण्णव पेन्सिलीच्या रेघांशेजारची ती काळी रेघ मला दिसते, आणि ज्या मुलीने ती प्रेमाने ओढली तिच्यापेक्षा जास्त ती माझी आहे, हे मला माहीत असतं.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. कुणाच्या घरी जुनं पुस्तक डब्यात मिटून ठेवलेलं दिसलं, तर ते का मिटलंय हे आधी विचारा. आणि मागच्या पानावर रेघा असल्या, तर हव्या तितक्या मोजा. पुढची ओढू नका.