अंगठाभर पुतळ्यांची स्पर्धा

आपल्यापैकी कुणाच्या फोनवर हा मेसेज आला नाही? 'भाचीचा फोटो आहे, लिंक उघडा, लाइक करा, पुढे पाठवा.' आपण फोटो धड बघतही नाही, बोट टेकवतो आणि मोकळे होतो. संघपालला या सवयीचा चांगलाच हिसका बसला.

संघपाल शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. सुट्टीच्या दिवशी मात्र तो खिडकीशी बसून अंगठ्याएवढे पुतळे रंगवायचा. या वेडापायी त्यानं फेसबुकवर एक ग्रुप जमवला होता. सिल्लोडच्या संध्याताई, वेरूळचा राजकुमार, असे सगळे हौशी लोक. ब्रश कुठला घ्यावा, रंग किती पातळ करावा, यावर तासन्‌तास गप्पा चालायच्या. त्यात आणखी मजा यावी म्हणून संघपालनं स्पर्धा भरवली. विषय 'बाजारचा दिवस'. फोटो टाकायचा, ज्याला जास्त लाइक तो पहिला.

मग काय! संघपालनं आपण रंगवलेल्या पखालवाल्याच्या फोटोची लिंक कारखान्यात, सोसायटीत, सोयऱ्याधायऱ्यांत सगळीकडे फिरवली. स्पर्धा त्यानंच भरवली आणि त्यानंच जिंकली. संध्याताईंच्या भाजीवालीला जेमतेम चार-दोन लाइक पडले. त्यांनी 'अभिनंदन' लिहिलं आणि पुढे एकही फोटो टाकला नाही. राजकुमारही गप्प झाला. गप्पांचा फड मोडला. आपल्याच हातानं आपण ही माणसं घालवली की काय, या विचारानं संघपालच्या जिवाला चैन पडेना.

अशात त्याची आत्या मनकर्णाबाई घरी आली. त्यानं स्पर्धेत पहिला आलेला पखालवाला तिच्या हातावर ठेवला. तिनं तो डोळ्यांशी नेऊन कौतुकानं न्याहाळला आणि विचारलं, "हे कधी केलं रं? लई बारीक काम हाय."

"आत्या, यालाच तर तू लाइक दिलं होतं."

"म्या कुठं पाह्यलं होतं? तू म्हनला बोट लाव, म्या लावलं."

संघपाल खजील झाला. ग्रुप कसा सुना पडला, तेही त्यानं सांगून टाकलं. आत्यानं पखालवाला अलगद टेबलावर ठेवला आणि म्हणाली,

"तुमी एकमेकाचं काम बघायलाच जमले होते ना? मंग बघनारे घरात असताना नुसते बोट लावनारे कशाला बोलावले?"

संघपालचे डोळे खाडकन उघडले! त्यानं लगेच संध्याताईंना फोन लावून माफी मागितली. त्या म्हणाल्या, नंबराचं काही नाही, पण भाजीवालीच्या लुगड्याच्या चुण्यांवर इतकी मेहनत घेतली आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, याचं वाईट वाटलं.

नवी स्पर्धा जाहीर झाली. पहिला-दुसरा नाही, लाइकांची मोजणी नाही. जो फोटो टाकेल त्यानं दुसऱ्या दोघांच्या पुतळ्यांत काय आवडलं आणि कुठं सुधारता येईल, ते लिहायचं. बघता बघता ग्रुप पुन्हा गजबजला. राजकुमारनं तर जुनी भाजीवाली शोधून तिच्या चुण्यांवर भलामोठा मजकूर लिहिला. संघपालनं या वेळी रसवंतीवाला रंगवला होता. त्याखाली संध्याताईंनी लिहिलं, 'दादा, ग्लासातला रस झकास जमलाय, पण रसवाल्याचा एक डोळा गिऱ्हाइकाकडं अन् दुसरा क्रांती चौकाकडं बघतोय.'

संघपाल पोट धरधरून हसला आणि ब्रश घेऊन डोळा सुधारायला बसला. मागच्या वेळच्या त्या ढीगभर लाइकांनी त्याला इतका आनंद दिला नव्हता.

वाचकहो, कुणाचं कौतुक करायचं तर आधी त्याचं काम नीट बघा. न बघता दिलेली वाहवा घेणाऱ्याला काहीच देत नाही, आणि मन लावून काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाचा तरी मात्र हिरमोड करते.