भावजींची खुर्ची

फोनवरच्या मुलाखतीसाठी इस्त्रीचा शर्ट घालायची काही गरज नव्हती, पण बायकोने तो काढून ठेवला होता, आणि नोकरी गेल्यापासून बायकोने काढून ठेवलेल्या कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायची पुटपुट्याची छाती होत नव्हती. म्हणून वर निळा शर्ट आणि खाली गुडघ्यावर विरलेला पायजमा अशा थाटात तो टेबलाशी बसला. ही नोकरी हुकली तर सोमवारपासून सासऱ्यांच्या टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं असं ठरलं होतं. म्हणजे सासऱ्यांनी ठरवलं होतं आणि त्याने मान हलवली होती.

पुटपुट्या हे नाव त्याला जुन्या ऑफिसात पडलं. प्रोग्राम लिहिताना अडलं की ते कोणाला तरी सोप्या शब्दांत समजावून सांगावं, सांगता सांगता चूक आपोआप सापडते, ही त्या धंद्यातली नेहमीची युक्ती. बाकीचे शेजारच्याला पकडत. हा पडला भिडस्त, म्हणून घरी काम करताना मागच्या वेताच्या खुर्चीला सांगायचा. वर्षानुवर्षं, न कंटाळता, सगळं काही. बायकोला आधी याची काळजी वाटली, मग गंमत वाटायला लागली, आणि शेवटी तिने त्या खुर्चीला भावजीच करून टाकलं. चहाला उठली की दारातून डोकावून विचारायची, "काय भावजी, तुम्हाला ठेवू का थोडा?" आणि उत्तराची वाट न बघता हसत निघून जायची.

त्या दिवशी मात्र घरात आवाज नको म्हणून ती बहिणीकडे गेली होती. फोन आला. पलीकडच्या बाई फार सौजन्याने बोलत होत्या. माझा आवाज येतोय ना, तुमचा येतोय, माझा येतोय ना, असं रीतसर विचारून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"एकाच वेळी लाखभर लोक तुमच्या साइटवर आले, तर काय कराल?"

असा प्रसंग त्याने स्वतः निभावून नेला होता. पण त्याची सगळी विद्या बोटांत; तोंडात यायची वेळ आली की तिथेच घोडं पेंड खायचं.

"म्हणजे... येऊ देऊ त्यांना," तो म्हणाला.

पलीकडे भराभर टाइप केल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "वा! अगदी नेमकं सांगितलंत."

त्याचा जीव भांड्यात पडला.

"तुम्हाला नाही म्हणत. तुमच्या मागे जे बोलताहेत, त्यांना म्हणतेय."

त्याने वळून पाहिलं. मागे खुर्ची होती आणि खुर्चीवर कोणी नव्हतं.

"मागे कोणी नाहीये, मॅडम."

"असू दे," असल्या थापा रोज ऐकणाऱ्या माणसाच्या सुरात बाई म्हणाल्या. "त्यांना फक्त गप्प बसायला सांगा."

आता वाद घालून नोकरीवर पाणी कोण सोडणार? स्वतःचीच लाज वाटत तो खुर्चीकडे वळून म्हणाला, "जरा गप्प बसता का?" बाईंनी आभार मानले. पुढच्या प्रश्नांना त्याची अशी काही ततपप झाली की शेवटी बाईंनाच दया आली. "बरं, त्यांनाच बोलू द्या," त्या म्हणाल्या. मग तो फोन धरून नुसता बसून राहिला, आणि बाई प्रश्न विचारत होत्या, थांबत होत्या, हुंकार देत होत्या, एकदा तर खळखळून हसल्या. त्याला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. अलीकडचं एक अक्षरही नाही.

"सॉरी, तुमचं काही जमणार नाही," शेवटी बाई म्हणाल्या. "पण त्यांना आम्ही घेतोय. सोमवारी सकाळी पाठवा."

बायकोने चपला काढायच्या आधीच विचारलं, "काय झालं हो?" तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला खरं सांगवेना. "सोमवारपासून यायला सांगितलंय," तो म्हणाला, आणि यात खोटं काहीच नव्हतं. तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. तीच बातमी तिने त्यांना तीन-तीनदा सांगितली, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शर्ट काढून त्याने खुर्चीच्या पाठीवर टाकला.

सोमवारी आंघोळ करता करता त्याने मनाशी पक्कं केलं, की आता सांगून टाकायचं, टायर तर टायर. टॉवेल गुंडाळून तो खोलीत आला, तर खुर्चीवर शर्ट नव्हता. बाहेरच्या दारापाशी बायको कोणाशी तरी बोलत होती.

"डबा घेतलात ना? आणि तिथे पुटपुटू नका हं."

"नाही गं," दारातून उत्तर आलं. आवाज त्याचाच होता, फक्त खणखणीत. मग दार लागलं.

तो मटकन मागच्या खुर्चीत बसला. त्याने जीव तोडून बायकोला हाक मारली, पण ती त्याची त्यालाच ऐकू आली नाही. बायको गुणगुणत खोलीच्या दारात आली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा असा मोकळा दिसत होता. तिने थेट त्याच्याकडे पाहिलं आणि हसली.

"काय भावजी," ती म्हणाली, "आज एकटेच? ठेवू का थोडा चहा?"

आणि नेहमीसारखी, उत्तराची वाट न बघता, निघून गेली.